फोनमध्ये कुणाला घ्यावं, कुणाला नाही

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. उन्हाळ कांद्याची पट्टी झाली, व्यापाऱ्याने पैसे पाठवले म्हणून सांगितलं, पण तिसऱ्या दिवशीही रक्कम माझ्या खात्यावर दिसेना. बँक तालुक्याला, वीस किलोमीटरवर. म्हटलं, एवढी खेप घालण्यापेक्षा फोन करावा. हातातल्या फोनला बँकेचं नाव सांगितलं, पुढे 'ग्राहक सेवा नंबर' असं मराठीतच बोललो. क्षणात नंबर आला, अगदी वर, ठळक अक्षरांत. मी लावला. पलीकडचा माणूस इतक्या अदबीने बोलत होता, की खरं तर तिथंच शंका यायला हवी होती.

तो म्हणाला, "काका, तुमचं खातं अपडेट नाही म्हणून पैसे अडकलेत. मी सांगतो ते एक अ‍ॅप घ्या, इथून दुरुस्त करून देतो." ते अ‍ॅप काही खोटं नव्हतं. प्ले स्टोअरमधलंच होतं. एकाच्या फोनचा पडदा दुसऱ्याला लांबून दिसावा, एवढंच त्याचं काम. कॉम्प्युटर दुरुस्त करणारी माणसं असली अ‍ॅप रोज वापरतात. मी ते घेतलं आणि समोर येईल त्याला 'होय' दाबत गेलो. मग त्याने एका फॉर्ममध्ये एटीएम कार्डावरचे आकडे भरायला लावले. बँकेचा ओटीपी आला, तो मात्र मी त्याला सांगितला नाही. ओटीपी कुणाला सांगू नये, एवढं ऐकून होतो. पण सांगायची गरजच नव्हती. माझा पडदा त्याच्यापुढे उघडा होता. दोन वेळा मिळून २४ हजार ४०० रुपये गेले. पट्टीचे पैसे म्हणाल, तर ते चौथ्या दिवशी आपोआप जमा झाले.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. आधी आपल्या पारावर, बाजारात, एसटीत फोनविषयी जी मतं ऐकू येतात, त्यांतली काही तपासून पाहू. सरकारी मराठीत याला भ्रमणध्वनी म्हणतात. आपण फोनच म्हणू.

पहिलं मत असं, की गूगलवर सगळ्यात वर आलं म्हणजे ते खरं. माझा घात याच समजुतीने केला. गूगल आपल्याला हवं ते शोधून देतं हे खरं, पण त्याच्या पानावरच्या वरच्या जागा पुष्कळदा पैसे घेऊन दिलेल्या असतात. तिथे बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं. प्रायोजित म्हणजे जाहिरात. आठवडे बाजारात तोंडालाच ज्याची पथारी असते त्याचा माल उत्तम असतो असं आपण मानत नाही. त्याने जागा लवकर धरली किंवा जादा पैसे मोजले, एवढंच आपल्याला कळतं. इथंही तसंच समजावं. बँकेचा नंबर पासबुकावर छापलेला असतो, एटीएम कार्डाच्या मागे असतो. तो तिथूनच घ्यावा. माझं पासबुक त्या दिवशी माझ्यापासून चार हातांवर, कपाटात होतं.

दुसरं मत थोड्या शिकलेल्या मंडळींचं. ते म्हणतात, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित. ब्राउझर म्हणजे ज्या अ‍ॅपमधून आपण साइट उघडतो ते. बहुतेकांच्या फोनमध्ये क्रोम असतं. या कुलपाचा अर्थ नीट समजून घ्यावा. आपला फोन आणि ती साइट यांच्यामध्ये जे जातं-येतं, ते वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पाकीट चिकटवून बंद केलं तर पोस्टमन ते वाचू शकत नाही. पण पाकीट ज्याच्या घरी जाऊन पडणार, तो माणूस सज्जन की भामटा, हे काही त्या चिकटपट्टीवर लिहिलेलं नसतं. भामट्याच्या साइटलाही हे कुलूप सहज मिळतं. लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने २०२३ साली ते चिन्हच काढून टाकलं आणि तिथे दोन आडव्या दांड्यांचं साधं चिन्ह ठेवलं. तेव्हा कुलूप गेलं म्हणून घाबरू नये, आणि दिसलं म्हणून निर्धास्तही होऊ नये.

मग ओळखायचं कसं? पत्ता वाचून. हे कठीण वाटतं, पण आपल्याला ते जन्मापासून येतं. आपलं नाव कसं असतं? आधी स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. माणूस कुठल्या घरचा, हे शेवटच्या शब्दावरून कळतं. साइटचा पत्ताही असाच वाचायचा. पहिली तिरपी रेघ येण्याआधी जे शेवटचे दोन-तीन शब्द असतात, ते त्या साइटचं आडनाव. भारत सरकारच्या आणि महाराष्ट्र शासनाच्या साइटच्या आडनावात शेवटी 'जीओव्ही डॉट इन' असतं. काही ठिकाणी 'एनआयसी डॉट इन' असतं. पीएम किसानची साइट अशीच आहे, सातबारा दाखवणारी महाभूलेखही अशीच आहे. आता कुणी 'पीएम किसान' हे शब्द आपल्या पत्त्यात पुढे घातले आणि शेवटी भलतंच काही असलं, तर ते घर सरकारचं नव्हे. पुढचं नाव कुणीही कुणाचंही ठेवू शकतो. आमच्या शिवारात तीन शिवाजी आहेत, पण त्यातला एकही छत्रपती नाही.

सातबारावरून आठवलं. महाभूलेखवर सातबारा नुसता बघायला पैसे लागत नाहीत, आणि डिजिटल सहीचा उतारा शासनाच्या साइटवर १५ रुपयांत मिळतो. परंतु सातबाराच्या नावाने प्ले स्टोअरमध्ये खासगी अ‍ॅपही पुष्कळ आहेत. त्यांतली काही आत सरकारी साइटच उघडून दाखवतात आणि वर आपल्या जाहिराती लावतात. म्हणून अ‍ॅप घेण्याआधी त्याच्या नावाखाली बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं, तेही वाचावं. प्ले स्टोअरमध्ये आहे म्हणून ते सरकारी, असं धरून चालू नये.

आता जास्त मोठ्या धोक्याकडे येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर एक फाइल येते. नाव असतं 'पीएम किसान यादी', 'गाडीचं चलन', 'बँक केवायसी', नाहीतर लग्नपत्रिका. पाठवणारा बऱ्याचदा ओळखीचाच असतो, कारण त्याचा फोन आधीच लुटारूच्या ताब्यात गेलेला असतो. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' अशी तीन इंग्रजी अक्षरं असतात. तिथे अंगठा थांबवावा. पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ असते. ती एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवण्याचा गठ्ठा. पत्रिका उघडण्यासाठी अ‍ॅप बसवायला लागतंय, म्हणजे ती पत्रिका नव्हे.

आपण बियाणं घेताना काय करतो? परवाना असलेल्या दुकानातून घेतो, पक्कं बिल मागतो, प्रमाणित बियाण्याच्या पिशवीचा निळा टॅग पाहतो आणि पीक निघेपर्यंत बिल, टॅग, रिकामी पिशवीही जपून ठेवतो. कारण उगवलं नाही तर दाद मागायला पुरावा लागतो. मग रस्त्यात कुणी खुल्या पोत्यातलं बी दिलं आणि 'फुकट आहे, टाका शेतात' म्हणाला, तर आपण पेरू का? एपीके फाइल हे असलं खुल्या पोत्यातलं बी आहे. फोन बिचारा अशा वेळी विचारतोही, की या मार्गाने अ‍ॅप घ्यायला परवानगी द्यायची का? तिथे आपण घाईने 'होय' म्हणतो. एकदा ते आत बसलं की आपले एसएमएस वाचतं, बँकेचा ओटीपी परस्पर लुटारूकडे पाठवतं. काही वेळा तर अ‍ॅपचं चिन्हही पडद्यावरून नाहीसं होतं. शेतकऱ्याला वाटतं, फाइल उघडलीच नाही, सोडून द्या. इकडे खातं रिकामं होत असतं.

चुकून अशी फाइल उघडली गेली, तर पहिलं काम म्हणजे फोनचं इंटरनेट बंद करावं, सिमकार्ड बाहेर काढावं. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं थांबवावं. नंतर सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या यादीत अनोळखी नाव शोधून ते काढावं. ते निघत नसेल तर जाणत्या माणसाकडून फोन पूर्ण पुसून घ्यावा. फोटो गेले तर जाऊ द्यावेत.

परवानग्यांबद्दल गावात मत असं आहे, की 'होय दाबल्याशिवाय अ‍ॅप चालतच नाही, मग वाचायचं कशाला?' हे अर्धंच खरं आहे. २०१५ नंतरच्या अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला कॅमेरा, ठिकाण, फोनमधली नावं, एसएमएस हे एकेक करून मागावं लागतं, आणि एकाला हो, दुसऱ्याला नाही, असं आपण म्हणू शकतो. इथे सोपी कसोटी आहे. कामाला जे लागतं तेवढंच द्यावं. सालगड्याला आपण औत देतो, विहिरीच्या मोटारीची किल्ली देतो. कपाटाची किल्ली तो मागत नाही आणि मागितली तर त्याचं काम काय, असं आपण विचारतो.

ई-पीक पाहणीचं अ‍ॅप कॅमेरा आणि ठिकाण मागतं. ते दिलंच पाहिजे, कारण आपण आपल्याच गटात उभे आहोत की नाही आणि पीक काय आहे, हे त्याला पाहायचं असतं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद राज्यभर शेतकऱ्याने स्वतः करायची पद्धत सुरू झाली. आमच्या घरी ती सूनबाई करते, माझ्यापेक्षा चांगली करते. 'दामिनी' हे वीज पडण्याचा इशारा देणारं अ‍ॅप पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने बनवलं आहे. तेही ठिकाण मागतं, कारण आपण कुठे आहोत हे कळल्याखेरीज जवळपास विजा होत आहेत का, हे ते सांगणार कसं? वळवाच्या दिवसांत रानात असणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये ते असावं, असं माझं मत आहे. पण नुसता उजेड पाडणारं बॅटरीचं अ‍ॅप जर तुमच्या फोनमधली नावं मागत असेल, पंचांग दाखवणारं एसएमएस वाचू म्हणत असेल, तर त्याला 'नाही' म्हणावं, आणि ऐकत नसेल तर काढून टाकावं. दिलेली परवानगी सेटिंगमध्ये जाऊन परतही घेता येते. लगेच कर्ज देणारी अ‍ॅप तर नावं आणि फोटो मागून घेतात, आणि हप्ता चुकला की सोयऱ्याधायऱ्यांना फोन करून अब्रू काढतात. असल्यांच्या वाटेला जाऊ नये. पैशांची नड असेल तर सोसायटी आहे, बँक आहे, बचत गट आहे.

पुष्कळ भगिनी सांगतात, "भाऊ, फोनवर दिवसभर 'तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे' असं येतं, काय करावं?" हा व्हायरस बहुधा नसतोच. कधीतरी एखाद्या साइटने विचारलेलं असतं, 'सूचना पाठवू का?' आणि आपण होय म्हटलेलं असतं. मग ती साइट सूचनेच्या नावाखाली जाहिराती ओतत राहते. क्रोममध्ये वर उजवीकडे तीन ठिपके आहेत. ते दाबून सेटिंग्जमध्ये सूचनांची यादी काढावी आणि अनोळखी साइटची परवानगी बंद करावी. दोन मिनिटांचं काम. घाबरून ती 'व्हायरस काढा'ची पाटी मात्र दाबू नये. खरा रोग तिथून आत येतो.

यूपीआयचं एकच सांगतो, कारण बाकीचं आता सगळ्यांना माहीत आहे. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन लागत नाही, कोडही स्कॅन करावा लागत नाही. जनावर विकत घेतो म्हणून फोन आला आणि 'आगाऊ रक्कम पाठवतो, कोड स्कॅन करून पिन टाका' असं म्हणाला, तर फोन ठेवून द्यावा.

आता फोनच्या किमतीबद्दल. महागडा फोन जास्त सुरक्षित, असं तरुण पोरं म्हणतात आणि बापाकडून पैसे काढतात. दुकानात विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे. या फोनला सुरक्षेचे अपडेट अजून किती वर्षं मिळणार? अपडेटने फोन बिघडतो, हे आणखी एक मत. कधी एखादा अपडेट त्रास देतो, नाही असं नाही. जुना फोन त्याने थोडा जड होतो. पण सुरक्षेचा अपडेट म्हणजे कुंपणाला पडलेलं भगदाड बुजवणं. चोराला कळलेलं भगदाड उघडं ठेवायचं का, हे आपणच ठरवावं. कंपनी अपडेट बंद करते तेव्हा फोन लगेच बंद पडत नाही, पण हळूहळू अ‍ॅप साथ सोडतात. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड ४.४ च्या जुन्या फोनांवर व्हॉट्सअ‍ॅप चालेनासं झालं, ते याच कारणाने. असा जुना फोन गाणी ऐकायला ठेवावा, बँकेला वापरू नये. बाकी उन्हात पडदा दिसतो का, आवाज मोटारीच्या खोलीत ऐकू येतो का, दुरुस्तीचं दुकान तालुक्याला आहे का, एवढं पाहून घेतलं की पुरे. ज्याला नुसते फोनच करायचे आहेत, त्याने बटणाचा साधा फोन खुशाल ठेवावा. त्यात कमीपणा कसला?

जागा भरली म्हणून फोन रडत असेल, तर साफसफाईचं अ‍ॅप घेऊ नका. ती बहुतेक जाहिरातींचीच दुकानं असतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजवर गेलात तर कुठल्या गटाने किती जागा खाल्ली हे दिसतं. आमच्याकडे सगळ्यात मोठा वाटा सकाळच्या फुलांच्या फोटोंचा निघाला. फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरण्याचं तिथेच बंद करता येतं.

आता माझ्या पैशांचं. त्या दिवशी मुलगा रानातून आला, माझा चेहरा पाहूनच त्याने विचारलं. त्याने आधी इंटरनेट बंद केलं, ते अ‍ॅप काढलं आणि १९३० हा नंबर लावला. पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणारा हा सरकारी नंबर आहे. खात्याचा तपशील, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक विचारला. तक्रारीचा नंबर मिळाला. मग बँकेत लेखी दिलं, पोलीस ठाण्यात गेलो. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात असे पळवले जातात. पळण्याआधी जे सापडतात, तेवढे थांबवता येतात. माझे १५ हजार एका खात्यात थांबले. ते हातात यायला बरेच महिने आणि बऱ्याच खेपा लागल्या. ९ हजार ४०० गेले ते गेलेच. मी आणखी तासभर लाजेने गप्प बसलो असतो, तर कदाचित सगळेच गेले असते. खरं सांगायचं तर मला पहिली अर्धा घटका लाजच वाटली. पोराला काय सांगू, असं वाटलं.

फोनच हरवला, चोरीला गेला, तर पोलिसांत तक्रार देऊन सरकारच्या 'संचार साथी' साइटवर तो देशभर बंद पाडता येतो. त्यासाठी फोनचा पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, ०६, हॅश असं दाबलं की तो दिसतो. तो आजच डायरीत लिहून ठेवावा. फोन गेल्यावर तो कुठून पाहणार?

आणि पिकाची, खताची, कीड-रोगाची शंका असेल, तर अनोळखी व्हिडिओवाल्यापेक्षा किसान कॉल सेंटरला विचारावं. नंबर आहे १८००-१८०-१५५१. सकाळी ६ ते रात्री १०, मराठीतून, फुकट. साध्या फोनवरूनही लागतो. आमच्या घरी हा नंबर आणि १९३० हे दोन्ही गोठ्याच्या दारावर गेरूने लिहून ठेवलेत. ओसरीवर कॅलेंडर आहे, पण ते दर वर्षी बदलतं.